सात नंबरचा टॅग

मंडलिक बाईंच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस खुर्चीवर बसता बसता थबकायचा. खुर्चीच्या हाताला दोऱ्याने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला असायचा आणि त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘मागचा डावा पाय हलतो. रेलून बसू नये.’ पाहुणा बिचारा काठावर टेकायचा. स्वयंपाकघरात मिक्सरला दुसरा तुकडा होता, ‘झाकण हाताने धरावे लागते.’ न्हाणीघरातल्या नळाला तिसरा, ‘उलटा फिरतो.’ वस्तू दुरुस्त होण्यासारखी असेल तर टॅग पिवळा, नसेल तर लाल. माझी बायको एकदा त्यांच्याकडून हळदीकुंकू घेऊन आली आणि म्हणाली, “त्या घरात माणसांपेक्षा चिठ्ठ्या जास्त आहेत.” खरंच होतं ते. यजमान लवकर गेलेले, मुलगी लग्न होऊन हैदराबादला, आणि घरात एकट्या बाई.

नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही दोघांनी बावीस वर्षं एकत्र काढली. कारखान्याचं नाव सांगत नाही. शाफ्ट आणि गिअर बनवणारे तसले कारखाने तिथे गल्लोगल्ली आहेत. बाई तपासणीच्या टेबलावर मुख्य होत्या आणि मी शेजारच्या बाकावर फिटर. मशिनवरून माल आला की बाई मोजायच्या. बिघडलेल्या पीसवर लाल टॅग बांधला की तो भंगारात. पिवळा बांधला की तो रीवर्कला, म्हणजे माझ्या बाकावर. मी घासूनपुसून तो सरळ करायचा आणि पुन्हा त्यांच्या पुढ्यात ठेवायचा. टॅगचं पुस्तक असायचं. प्रत्येक टॅगला नंबर, आणि अर्धा तुकडा फाडला तरी उरलेला अर्धा पुस्तकातच राहायचा. त्यावर बाई तेच पुन्हा लिहून ठेवायच्या. नियम एकच आणि तो बाईंनी भिंतीवर लिहून लावलेला, ‘ज्याने बांधला त्यानेच सोडायचा.’

तो नियम मी रोज थोडाथोडा मोडायचो. पीस सरळ झाला असं त्या म्हणाल्या की मीच घाईघाईने हॅक्सॉच्या पात्याने दोरा कापून टाकायचो आणि गाठ तिथेच राहायची, अर्ध्या इंचाच्या शेपटासकट. बाई चष्म्यावरून बघायच्या.

“देवरे, गाठीसकट काढत चला.”

“बाई, टॅग निघाला ना? काम झालं.”

“काम झालं नाही. शेपूट राहिलंय. बघणारा म्हणेल, इथं काहीतरी होतं आणि कुणीतरी ते काढलं.”

बावीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याला मोजदाद नाही. सुधारलो मात्र नाही. आमच्या सटाण्याकडे म्हणतात तसं, पालथ्या घड्यावर पाणी.

बाई मूळच्या मखमलाबादच्या. माळ्याचं घर, दोन एकरांत फुलं आणि टोमॅटो. लहानपणी त्या वडिलांबरोबर पहाटे बाजारात जायच्या. बाजारात सगळे टोपलीत वर टपोरा माल रचतात आणि किडकं बुडाला दडवतात. त्यांच्या वडिलांची टोपली उलटी असायची. दबलेले, डाग पडलेले टोमॅटो सगळ्यात वर. पहिल्या पहिल्यांदा लोक नाकं मुरडून पुढे जायचे. मग कुणी एक घेऊन गेला, त्याला खाली सगळा चांगला माल मिळाला, तो दुसऱ्या दिवशी न बघता टोपलीच उचलून गेला. “खोट वर, माल खाली,” असं ते म्हणायचे आणि बाईही तेच म्हणायच्या, फक्त त्यांची टोपली लोखंडाची होती. मुलीचं लग्न ठरवताना त्यांनी मुलाकडच्यांना चहा द्यायच्या आधीच सांगितलं, “मुलगी हुशार आहे. सकाळी आठच्या आधी उठत नाही आणि रागावली की दोन दिवस बोलत नाही. आता विचारा काय विचारायचं ते.” मुलगी आत बसून कपाळ बडवून घेत होती. सासूबाई मात्र हसल्या आणि म्हणाल्या, “आमचाही उठत नाही.” लग्न तिथेच जमलं.

कारखान्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. एकदा पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून तक्रार आली. शाफ्टची खाच मापापेक्षा मोठी, आणि आमच्या टेबलावरून पास होऊन गेलेली. ते पीस बाईंनी मोजलेच नव्हते, टेबलावरच्या नव्या मुलीने मोजले होते. पण कागदावर सही बाईंची. मॅनेजर साहेब तावातावाने खाली आले, “कुणी मोजलं हे?” ती मुलगी पांढरीफटक पडली. बाई म्हणाल्या, “सही वाचता येते ना, सर?” मग त्यांनी लाल टॅगचं पुस्तक ओढलं, लिहिलं, ‘तपासणीत चूक. मंडलिक,’ आणि टॅग स्वतःच्याच ॲप्रनच्या बटणाला बांधला. तसाच बांधून त्या कँटीनमध्ये जेवल्या, साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंगला बसल्या. साहेबच ओशाळले. “मॅडम, काढा आता ते. बरं दिसत नाही.”

“ज्याने बांधला त्यानेच सोडायचा असतो, सर. शिफ्ट संपली की सोडते.”

साडेतीन वाजता भोंगा झाला तेव्हा त्यांनी कात्रीने टॅग सोडला, अर्थात गाठीसकट. नंतर त्या मुलीला जवळ बसवून खाच कशी मोजायची ते तासभर दाखवलं. तिला त्या रागाचा एक शब्द बोलल्या नाहीत. मी तो सगळा वेळ फाइल घासत असल्याचं सोंग करत होतो. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मोठी माणसं लांबून बघितली, पण मोठेपण इतक्या जवळून, हातभर अंतरावरून, त्या दिवशीच बघितलं.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, “मॅडम, आठवण म्हणून काय देऊ?” लोक घड्याळ मागतात, मिक्सर मागतात. बाईंनी टॅगची दोन पुस्तकं मागितली, एक लाल आणि एक पिवळं. त्या घरातल्या चिठ्ठ्या या पुस्तकांतल्या.

पण बाई घरात बसून नळाला टॅग बांधत राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. सातपूरमध्ये एका मशिनवर पोट भरणारी छोटी वर्कशॉप खंडीभर आहेत. त्यांच्याकडे मोजमापाची साधनं नसतात. मोठ्या कंपनीने माल परत पाठवला की ते मरतात. बाईंना एक छोटा गाळा भाड्याने घ्यायचा होता. तिथे ग्रॅनाइटची सपाट फरशी, मापं आणि एक टेबल. कुणीही पीस घेऊन यावं, बाई मोजून देणार. हे त्यांचं बावीस वर्षांचं स्वप्न होतं आणि ते त्यांनी फक्त मला सांगितलेलं. गाळाही बघून ठेवला होता. डिपॉझिटसाठी बाईंनी आपली गाडी विकायला काढली.

गाडी म्हणजे छोटी, पांढरी, पेट्रोलवरची, बारा वर्षांची. शेहेचाळिसाव्या वर्षी बाई गाडी शिकल्या आणि स्वतःच्या पैशाने घेतलेली ही पहिली. विकायची ठरल्यावर त्यांनी काय करावं? एका रविवारी पुस्तकं घेऊन पार्किंगमध्ये उतरल्या आणि गाडीला एक ते अकरा नंबर टाकून अकरा टॅग बांधले. दाराला, ‘आतून उघडताना ओढावे लागते.’ स्टेपनीला, ‘एकच उन्हाळा काढेल.’ हॉर्नला, आरशाला, मागच्या सीटच्या पट्ट्याला. आणि बोनेटखाली, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या बाटलीला सात नंबरचा, लाल, ‘लांबच्या चढाला इंजिन तापते. दोनदा दुरुस्ती करूनही.’

पहिला गिऱ्हाईक आला, त्याने गाडीभोवती फेरी मारली, मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि हसत गेला. दुसऱ्याने सात नंबर वाचून बोनेट खाली आपटलं. “बाई, गाडी विकताय का दवाखान्यात भरती करताय?” तिकडे गाळ्याचा मालक रोज फोन करत होता, दुसरा माणूस डिपॉझिट घेऊन उभा आहे म्हणून. त्या आठवड्यात बाईंनी गाळ्याचा विषय काढणं बंद केलं. मला ते बघवेना.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, “बाई, गाडी जरा माझ्याकडे द्या, धुऊन देतो.” घरी नेऊन मी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर साफ केला, पाण्याचे पाइप नवे टाकले. ओझरपर्यंत जाऊन आलो. इंजिनच्या तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. मी फिटर माणूस. पीस सरळ झाला आहे, मग टॅग कशाला? खिशातून पातं काढलं आणि सात नंबर कापला. बाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी गाडी महिनाभर चालवून बघितली असती, आणि गाळा गेला असता. टॅग खिशात घातला आणि घरी येऊन कपाटात टाकला. मी चांगलं काम करतोय अशी माझी पक्की खात्री होती.

तिसरा गिऱ्हाईक नामपूरचा भामरे. कांदा मार्केटात मापारी, म्हणजे वजनकाट्यावरचा माणूस. वडिलांना लकवा झालेला, त्यांना तपासणीला दर महिन्याला नाशिकला आणावं लागायचं म्हणून गाडी हवी होती. त्याने सगळे टॅग शांतपणे वाचले, एकदा वाचून पुन्हा वाचले, आणि म्हणाला, “ताई, असं लिहून गाडी विकणारं मानूस मी पयल्यांदा बघितलं.” बाईंनी बोनेट पुन्हा उघडून बघितलं नाही, आपण बांधलेला टॅग आपल्याशिवाय कोण सोडणार? व्यवहार त्याच दिवशी झाला. बाईंनी डिपॉझिट भरलं. सही करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

एकविसाव्या दिवशी भामऱ्यांचा फोन आला. मी तेव्हा बाईंकडेच होतो. फोन स्पीकरवर नव्हता तरी मला ऐकू येत होता. देवळ्याच्या पुढच्या घाटात भर दुपारी गाडी तापून बंद पडली. म्हातारा बाप दोन तास उन्हात गाडीत. मेकॅनिक म्हणतो इंजिनचं हेड गेलं. “ताई, गाडी घेऊन जा आन माझे पैसे परत करा. नायतर मी बापाला घेऊन तुमच्या दारात येऊन बसतो, आन पोलिसात बी जातो.”

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाल्या, “उद्या येते.”

संध्याकाळपर्यंत सल्ला द्यायला माणसं जमली. पुतण्या एका वकिलाकडे कामाला, तो म्हणाला, “काकू, ‘आहे त्या स्थितीत’ असं लिहून त्याची सही घेतली आहे. कागद आरटीओत गेलेत. एक रुपया द्यायचा नाही.” शेजारचे म्हणाले, जुन्या गाडीला कुठे वॉरंटी असते? मीही मान हलवली. खरं तर मी सगळ्यांच्या पुढे होतो. बाई म्हणाल्या, “पीस बघितल्याशिवाय तक्रारीवर बोलायचं नसतं. देवरे, तुम्ही तिकडचे आहात. चला माझ्याबरोबर.”

रात्रभर मला झोप आली नाही. सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. बाईंनी पर्समध्ये टॅगची दोन्ही पुस्तकं, टॉर्च आणि चष्म्याची दुसरी जोडी घेतली होती.  चार तास मी खिडकीबाहेर बघत बसलो.

भामऱ्यांचं घर मार्केटच्या मागच्या गल्लीत. सगळीकडे कांद्याचा वास. ओट्यावर खाटेवर म्हातारे वडील, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. गाडी निंबाखाली उभी. भामरे तावातच होता, पण बाईंना बघून तो आत गेला आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. तिच्यात टॅग होते.

“हे बघा तुमच्या चिठ्ठ्या. दहाच्या दहा जपून ठेवल्यात. चारदा वाचल्या काल. ह्यात तापायचं कुठंच लिहेल नाय. आरशाचं, पट्ट्याचं बारीकसारीक समदं लिहिलं, आन जे लिहायचं तेच नाय? म्हणून तर जास्ती राग आला, ताई. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर आपलं नशीब म्हटलं असतं. तुमच्यावर इश्वास ठेवला व्हता.”

मला वाटलं जमीन दुभंगावी. बाईंनी पिशवी हातात घेतली, टॅग एकेक करून मोजले आणि नंबरांच्या क्रमाने लावले. सहा. आठ. मग पर्समधून लाल पुस्तक काढून सात नंबरचा उरलेला अर्धा तुकडा उघडला. त्यांच्याच अक्षरात तिथे लिहिलेलं होतं, ‘लांबच्या चढाला इंजिन तापते.’ तो तुकडा भामऱ्याच्या नाकासमोर धरला असता की झालं. ‘मी लिहिलं होतं, तुम्हीच फाडून टाकलंत, आता पैसे मागताय,’ असं त्या म्हणू शकत होत्या आणि पोलिसांनी, वकिलांनी, अख्ख्या गावाने त्यांचं ऐकलं असतं.  मला लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला वाटत होतं, दाखवा, बाई, दाखवा.

बाईंनी पुस्तक मिटलं. “बोनेट उघडा.”

त्या वाकल्या. टॉर्च लावला. कूलंटच्या बाटलीच्या मानेवर दोऱ्याची गाठ होती आणि तिला अर्ध्या इंचाचं शेपूट. बाईंनी त्यावर अंगठा ठेवला, शाफ्टच्या कडेवरून फिरवायच्या तसा फिरवला.  माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. एकदाही नाही.

मग ताठ उभ्या राहून म्हणाल्या, “चूक आमच्याकडची आहे. सात नंबरचा टॅग तुमच्यापर्यंत पोचला नाही. पैसे पूर्ण परत मिळतील. घाटातून गाडी ओढून आणायचा खर्च आणि मेकॅनिकचा पण सांगा. गाडी मी टेम्पोने मागवून घेते.”

भामरे भांडायला उभा राहिला होता, त्याला काय करावं कळेना. “ताई, बाकीच्या चिठ्ठ्या तर दिल्या व्हत्या ना तुम्ही. थोडे कमी करून द्या, चालंल.”

“अर्धा पीस परत घेत नाहीत, भाऊ.” मग त्या खाटेपाशी गेल्या आणि खाली बसल्या. “बाबा, तुम्हाला उन्हात बसावं लागलं. माफ करा.”

म्हाताऱ्याचे शब्द जड येत होते. त्यांनी मुलाकडे बघत डावा हात हलवला. “मी सांगेल व्हतं... बाई खोटी नही शे.”

भामऱ्याच्या बायकोने चहा आणला. मी कप तसाच ओट्यावर ठेवला.

परतीच्या एसटीत सटाणा सुटल्यावर मी बोललो. सगळं सांगितलं. थर्मोस्टॅट, ओझर, पातं, कपाट. बाई शेंगा सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या.

“मला बोनेटपाशीच कळलं,” त्या म्हणाल्या. “नाशिक जिल्ह्यात असं शेपूट ठेवणारा दुसरा माणूस नाही.”

“मग तिथं का नाही बोललात? मला उभा करायचा ना त्याच्यासमोर!”

“गिऱ्हाइकासमोर आपल्या टेबलावरचं भांडण काढत नाहीत. ओझरला गेलात तेव्हा गाडीत किती माणसं होती?”

“मी एकटा.”

“एसी?”

“बंद.”

“ऊन?”

“सकाळचे आठ वाजले होते.”

“आणि चढ कुठला होता?”

चढ कुठला असणार? ओझरचा रस्ता सपाट आहे हे अख्ख्या नाशिकला माहीत आहे. 

“म्हणजे गाडी तुम्ही बघितलीच नाहीत, देवरे. तुम्हाला जे दिसायला हवं होतं, ते बघितलंत. माझ्यासाठी केलंत, हे मला समजतं. पण त्या माणसाचा बाप होता गाडीत.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पन्नाशीचा माणूस, एसटीत चारचौघांत डोळे पुसत होतो. म्हटलं, “बाई, मला लाल टॅग बांधा. मी त्याच लायकीचा आहे.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, चष्म्यावरून, जसं माझ्या बाकावरून आलेल्या पीसकडे बघायच्या. मग पर्समध्ये हात घातला. लाल पुस्तक वर आलं ते बाजूला सारलं आणि तळातून पिवळं काढलं. हलत्या गाडीत गुडघ्यावर ठेवून लिहिलं, टॅग फाडला आणि माझ्या शर्टाच्या बटणाच्या काजात दोरा ओवून दोन गाठी मारल्या. मी वाचलं, ‘न विचारता सोडतो. काम बाकी.’

पिवळा होता. पिवळा म्हणजे भंगार नाही. बावीस वर्षं पिवळे टॅग माझ्या बाकावर येत होते, पण त्यांचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

पैसे परत करायला बाईंनी गाळा सोडला. मालकाने एक महिन्याचं भाडं कापून घेतलं. मी पैसे देऊ केले तर म्हणाल्या, “पैसे नकोत. गाडी सरळ करा. सुटे भाग तुमचे आणि मजुरीही तुमचीच.” तीन महिने माझे रविवार त्या पार्किंगमध्ये गेले. हेड उतरवून घासून आणलं, गॅस्केट बदललं, सगळं पुन्हा जोडलं. बाई स्टूल टाकून शेजारी बसायच्या आणि हुकूम सोडायच्या. मला आधी वाटलं त्या माझ्यावर लक्ष ठेवतायत. नंतर लक्षात आलं, त्यांना एकटं बसायचं नव्हतं आणि मलाही एकटं राबू द्यायचं नव्हतं.

गाडी तयार झाल्यावर त्यांनी कूलंटच्या बाटलीला सात नंबरचा नवा टॅग बांधला आणि म्हणाल्या, “चला घाटात.” दुपारी एक वाजता, एसी लावून, मागच्या सीटवर तांदळाच्या दोन गोणी टाकून त्या स्वतः गाडी चालवत त्याच घाटात गेल्या. मी काट्यावर डोळे लावून बसलो होतो. तीनदा चढलो, तीनदा उतरलो. काटा हलला नाही. वर गाडी थांबवून बाईंनी बोनेट उघडलं, पर्समधून कात्री काढली आणि सात नंबर सोडला, गाठीसकट. दोऱ्याचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, “असं.”

गाळ्याचं म्हणाल तर बाईंनी घरातला सोफाच विकून टाकला, त्याला दोन टॅग बांधून. हॉलमध्ये ग्रॅनाइटची फरशी आली. सातपूरचे छोटे वर्कशॉपवाले पीस घेऊन जिन्यावर रांग लावू लागले आणि हलत्या खुर्चीवर काठाला टेकून आपली पाळी येईपर्यंत बसू लागले. आणि एक दिवस भामऱ्यांचा फोन आला. त्याला दुसरी एक जुनी गाडी घ्यायची होती, नाशिकमध्येच, आणि घेण्याआधी ती बाईंनी तपासावी अशी त्याच्या बापाची अट होती. “बाबा म्हन्ता, त्या बाई बघतील तरच घे.”

तो घ्यायला आला त्या सकाळी मी खाली गेटपाशी होतो. बाई त्याच्या भाड्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर पर्स, पर्समध्ये दोन्ही पुस्तकं. मी पाकिटातून तो पिवळा टॅग काढला. त्या दिवसापासून तो मी पाकिटात ठेवलेला. शर्ट धुवायला टाकताना काजाचा धागा उसवून सोडवून घेतलेला, गाठ मात्र तशीच. मी तो खिडकीतून पुढे केला.

“बाई, एवढं घाटात काम दाखवलं. आता हा सोडा की.”

त्यांनी चष्मा लावला, टॅग वाचला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“गाडी तीनदा घाट चढली,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला अजून चालवून बघायचंय.” आणि टॅग माझ्या हातात परत देऊन काच वर केली. हसत होत्या. गाडी वळेपर्यंत मला त्यांचं ते हसणं आरशात दिसत होतं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, टेबलावर मोजता मोजता, बाई गेल्या. डॉक्टर म्हणाले हृदय. मुलगी हैदराबादहून आली, तिने घरातल्या चिठ्ठ्या बघितल्या आणि एकही काढू दिली नाही. नामपूरहून भामरे आला होता. सोबत वडील होते, बाईंनी तपासून दिलेल्या गाडीतून आलेले.

माझं काम अजून बाकी आहे. घरात, बाकावर, कुठेही घाईने काही सोडायला हात गेला की पाकीट जड वाटतं. टॅगची अक्षरं पुसट होत चालली आहेत, दोरा मळलाय. गाठीला मी हात लावलेला नाही.